शिल्पं एकाची, शाई दुसऱ्याची, खोली एकच

आमचं दोघांचं संयुक्त प्रदर्शन नुकतंच आवरलं. एकाची शिल्पं, दुसऱ्याची कागदावरची शाईची रेखाटनं. सुरुवातीला धास्ती होती ती गॅलरी मिळण्याची आणि त्यापुढच्या कागदपत्रांची. पण कागदपत्रांचं एक बरं असतं, अडलं की कुणाला तरी विचारता येतं. खरी कुतरओढ खोलीत झाली. शिल्पाला जो प्रकाश, जी जागा, जी हवा मानवते ती कागदाला मानवत नाही, आणि एकेकट्याची प्रदर्शनं केलेल्यांना हे कळायचं काही कारणच नसतं. म्हणून तो भाग इथे सविस्तर आहे. उद्घाटनाचा दिवस शून्य धरून आठवडे मागे मोजले आहेत, म्हणजे ज्याला त्याला आपल्या तारखांवर बसवता येतील.

४६ आठवडे आधी प्रस्ताव गेला. २० छायाचित्रं, ३०० शब्दांचं निवेदन, प्रत्येकाचा एका पानाचा परिचय आणि कामांची यादी. यादीत माप, माध्यम, साल सगळं होतं, वजन नव्हतं. गॅलरीचा पहिला प्रश्न वजनाचाच आला, कारण जमीन किती भार घेईल, लिफ्ट चालेल का, माणसं किती लागतील हे सगळं त्यावर ठरतं. काटा हाताशी नसला तरी पोकळ ब्रॉन्झचं वजन काढता येतं: पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले ओतकामाची जाडी गुणिले घनता. ब्रॉन्झ लिटरमागे साधारण ८.८ किलो. १ चौरस मीटर पृष्ठभाग आणि ५ मिलिमीटर जाडी म्हणजे ५ लिटर धातू, म्हणजे ४४ किलो. आतल्या सळया आणि बोल्ट यांच्यासाठी वर थोडं धरायचं. पोलादाला ७.८५ घ्या, संगमरवराला २.७.

निवेदनात आम्ही ‘अवकाशातली रेषा’ असं काहीतरी लिहिलं होतं. ते काढून टाका, असा सल्ला मिळाला आणि तो बरोबर होता. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर १९२०च्या दशकातच तारेची माणसं वळत होते, आणि पुढच्या दशकात स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्सालेस यांनी लोखंडी शिल्पांसाठी अवकाशात रेखाटण्याची भाषा वापरली. शिल्प आणि रेखाटन एकत्र आलं की तेव्हापासून ही ओळ हमखास येते, आणि वाचणारा ती ओलांडून पुढे जातो. नव्या मसुद्यात फक्त पाहणाऱ्याला काय दिसेल ते लिहिलं: कोणतं शिल्प कोणत्या रेखाटनाशेजारी, आणि का.

त्यानंतर ९ आठवडे शांतता. पाचव्या आठवड्यात तीन ओळींची एक आठवण पाठवली. त्याहून जास्त पाठवू नये. ‘नकारच असणार’ असं धरून दुसरीकडे चौकशी सुरू केली, तेवढ्यात ३७ आठवडे आधी बैठकीचं बोलावणं आलं. होकार होता, पण १७ शिल्पं आणि ३४ रेखाटनांच्या जागी ११ आणि २२ झाली होती. त्या दिवशी राग आला. पुढे जमिनीवर टेप चिकटवल्यावर तो गेला, त्याबद्दल खाली येईलच.

करारावर सह्या ३४ आठवडे आधी झाल्या. विक्रीतला वाटा निम्मा-निम्मा, हा बऱ्याच ठिकाणचा प्रघात. पण शिल्पकाराने एक ओळ मागून घ्यावी: ब्रॉन्झच्या प्रतीचा ओतकामाचा खर्च आधी वजा करून मग उरलेल्याचे दोन भाग. नाहीतर ओतकामाचा सगळा खर्च कलाकाराच्या निम्म्यातून जातो आणि विकल्या गेलेल्या शिल्पावर नुकसान होऊ शकतं. रेखाटनांच्या बाबतीत हाच प्रश्न फ्रेमचा. किंमत फ्रेमसह की फ्रेमशिवाय, ते यादीवर छापलं पाहिजे. पैसे विक्रीनंतर किती दिवसांत (आमच्यासाठी प्रदर्शन संपल्यापासून ६० दिवस), विकलेलं काम शेवटच्या दिवसापर्यंत जागेवर राहणार का, न विकलेलं किती दिवसांत उचलायचं, छायाचित्रांचे हक्क कुणाकडे, हे सगळं लेखी. ब्रॉन्झ एडिशनमध्ये (एकाच साच्यातून मोजक्या प्रती) असेल तर ८ क्रमांकित आणि ४ कलाकाराच्या प्रती हा सर्वमान्य संकेत आहे. यादीत ‘३/८’ (आठपैकी तिसरी) असं लिहायचं आणि त्यापुढे तो आकडा कधीही वाढवायचा नाही.

गॅलरीशी केलेल्या कराराइतकाच उपयोगी पडला तो आमचा आपसातला एक पानी कागद. मैत्री आहे म्हणून तो टाळू नये, उलट मैत्री आहे म्हणूनच करावा. पत्रिकेवर नावं वर्णक्रमाने. सामाईक खर्च (प्रकाश, छपाई, मांडणीची मजुरी) निम्मा-निम्मा. फ्रेम, क्रेट (वाहतुकीची खोकी), पेडेस्टल (शिल्पाखालचे चौथरे) ज्याचं त्याचं. एकाचं काम मांडताना दुसऱ्याच्या कामाला धक्का लागला तर आधी विमा, विमा नाही म्हणाला तर निम्मा-निम्मा. हे शेवटचं कलम लिहिताना दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं.

विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ मागायचा, म्हणजे काम स्टुडिओच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे पोचेपर्यंत. पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. अपुरं पॅकिंग आणि वस्तूच्या अंगच्या दोषामुळे झालेलं नुकसान बहुधा त्यात असतं. कच्चं प्लास्टर किंवा स्वतःच फिकी पडणारी शाई ही दोन्ही ‘अंगचा दोष’ या सदरात बसू शकतात. आणि विम्याची रक्कम विक्रीच्या किमतीवर की कलाकाराच्या वाट्यावर, हे करारात आणि पॉलिसीत एकच असलं पाहिजे. आमच्या पहिल्या मसुद्यात ते वेगवेगळं होतं.

काम सीमेपलीकडे न्यायचं असेल तर तात्पुरत्या नेआणीसाठी एटीए कार्ने (जकात न भरता माल नेऊन परत आणण्याचा दस्तऐवज) असतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मूळ शिल्पं ९७०३ खाली येतात, हातची रेखाटनं ९७०१ खाली. वर्णनात ‘धातूची वस्तू’ असं लिहिण्याची चूक करू नका. १९२६ साली शिल्पकार ब्रांकुशीचं ‘बर्ड इन स्पेस’ अमेरिकेत पोचलं तेव्हा जकातवाल्यांनी ते शिल्प मानलं नाही. स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळाची उपकरणं या सदरात टाकून त्यावर ४० टक्के जकात लावली. खटला चालला आणि १९२८ साली निकाल शिल्पाच्या बाजूने लागला. आमचं एक वेल्डिंगचं शिल्प दिसायला थेट यंत्राच्या सांगाड्याच्या सुट्या भागांसारखं आहे, त्यामुळे प्रत्येक कागदावर ‘मूळ शिल्प, एकमेव प्रत, कलाकाराची सही’ असं लिहून छायाचित्र जोडलं.

३० व्या आठवड्यापासून फ्रेमचं काम. त्याआधी शाई तपासली. काळी दिसणारी प्रत्येक शाई टिकाऊ नसते. कार्बनची (काजळीची) शाई उजेडाला दाद देत नाही. फाउंटन पेनची डाय-शाई मात्र उडते आणि काळ्याचं जांभळट किंवा तपकिरी होतं. चाचणी सोपी आहे: त्याच कागदावर त्या शाईचा एक गडद आणि एक पातळ पट्टा ओढायचा, अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकायचा आणि उन्हाच्या खिडकीत १२ आठवडे ठेवायचा. पाचपैकी एक शाई नापास झाली. त्या शाईतली दोन रेखाटनं यादीतून काढली.

लेबलवर नुसतं ‘कागदावर शाई’ न लिहिता कोणती शाई ते लिहावं असं माझं मत आहे. डेव्हिड स्मिथ हा पोलादी शिल्पांचा माणूस रेखाटनं करताना शाईत अंड्याचा बलक मिसळत असे. ते माहीत नसेल तर त्या रेखाटनांचा पृष्ठभाग तसा का दिसतो हे कळत नाही, आणि पुढे कधी दुरुस्ती करणाऱ्याला तर कळायलाच हवं.

कागद माउंटला (मागच्या पुठ्ठ्याला) चिकटवायचा नसतो, टांगायचा असतो. जपानी टिश्यूच्या दोन छोट्या बिजागऱ्या वरच्या कडेला, गव्हाच्या स्टार्चची खळ लावून. सेलोटेप किंवा दुहेरी चिकटपट्टी कधीच नाही. वॉश (पातळ शाईचा हात) दिलेला कागद हवेतल्या ओलाव्याने फुगतो-आवळतो. चारी बाजूंनी जखडला तर पोपडे धरल्यासारखा उठतो. माउंट आम्लरहित, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये स्पेसर.

या स्पेसरने आम्हाला पहिला धडा दिला. कागदाच्या नैसर्गिक कडा दिसाव्यात म्हणून तो माउंटवर तरंगता ठेवला होता, भोवती ३० मिलिमीटर मोकळी जागा आणि काचेपर्यंत २५ मिलिमीटर खोली. फ्रेम दिसायला देखणी झाली. पण भिंतीवरच्या कामावर दिवा साधारण उभ्या रेषेशी ३० अंशांनी येतो, आणि त्या कोनात पुढे आलेल्या कडेची सावली खोलीच्या १.७३ पट खाली पडते. २५ मिलिमीटरची सावली ४३. म्हणजे ३० मिलिमीटरची मोकळी जागा ओलांडून १३ मिलिमीटरचा काळा पट्टा थेट रेखाटनाच्या माथ्यावर. दिवा ४५ अंशांवर नेला तर सावली २५ वर येते, पण मग शाईचं बारीक काम पाहायला वाकलेल्या माणसाचं डोकं प्रकाशाच्या वाटेत येतं आणि चित्राचा खालचा भाग काळवंडतो. शेवटी स्पेसर १० मिलिमीटरचे केले; सावली १७, ती माउंटवरच थांबते. सुदैवाने २२ पैकी ६ फ्रेमच झाल्या होत्या. एकच नमुना फ्रेम करून घ्या, टेबललॅम्प त्या कोनात धरून बघा, मगच बाकीच्या सांगा.

आता काच. इथे दोन माध्यमांचं भांडण उघड होतं. कागदासाठी संग्रहालयांत ५० लक्सचा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) दंडक पाळतात. रोज ८ तास, ३० दिवस धरले तर १२,००० लक्स-तास होतात. धातूला आणि दगडाला असं बंधन नाही, आणि गडद पॅटिनाचं (पृष्ठभागावर आणलेल्या रंगाचं) ब्रॉन्झ २००-३०० लक्सशिवाय नुसता काळा गोळा दिसतं. म्हणून आमच्या पहिल्या आराखड्यात रेखाटनं ५० वर आणि शिल्पं ३०० वर होती. कागदावर ते ठीक दिसत होतं.

साध्या काचेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो, दोन्ही पृष्ठांवरून ४-४. समोर पांढरं प्लास्टरचं शिल्प ३०० लक्सखाली उभं आहे. त्यावरून ८० टक्के प्रकाश परतला असं धरलं तर त्याचा उजळपणा २४०, आणि काचेतल्या त्याच्या प्रतिबिंबाचा १९. इकडे ५० लक्समधल्या कागदाच्या पांढऱ्याचा उजळपणा ४० आणि गडद शाईचा जेमतेम अडीच. थोडक्यात, काळ्या भागात शाईपेक्षा प्रतिबिंब सात-आठ पट उजळ. माणूस रेखाटनासमोर उभा राहतो आणि त्याला रेखाटनात शिल्प दिसतं. परावर्तनरोधक काच घेतली तर प्रतिबिंब १ टक्क्याच्या आत येतं, म्हणजे शाईच्या बरोबरीला. फरक मोठा आहे, पण ती काच महाग, आणि तेवढ्यानेही पुरतं काम होत नाही.

उपाय मांडणीत सापडला. १४ आठवडे आधी रिकाम्या खोलीत एक पूर्ण दिवस मागून घेतला. खोली १२ मीटर बाय ८, छत ३.६ मीटर. शिल्पांच्या जागी त्यांच्या मापाची पुठ्ठ्याची खोकी ठेवली आणि एक हातभर आरसा भिंतीला सपाट टेकवून, मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर धरून, प्रत्येक रेखाटनाच्या जागी सरकवत नेला. एकाने आरसा धरायचा, दुसऱ्याने दोन मीटरवर उभं राहून काय दिसतं ते सांगायचं. आरशात खोकं दिसलं की तिथे गडद रेखाटन लागणार नाही. तासाभरात नकाशा बदलला: सगळ्यात मोठं प्लास्टर खोलीच्या मधोमध होतं, ते दरवाजाच्या बाजूच्या आखूड भिंतीशी गेलं, जिच्या समोर काचेचं एकही काम नाही. गडद वॉशची रेखाटनं पोलादी शिल्पांच्या समोर आली. पोलाद काळं, त्याचं प्रतिबिंबही काळं. आणि ३०० चा आग्रह सोडून प्लास्टर १०० लक्सवर आणलं. प्लास्टर मुळात पांढरं, त्याला तेवढा पुरतो; तिरकस एक दिवा असला की झालं. जास्त प्रकाश फक्त तीन ब्रॉन्झना ठेवला. आरसा नेला नसता तर हे उद्घाटनाच्या आदल्या रात्री कळलं असतं.

त्याच दिवशी जमिनीवर टेप चिकटवून अंतरं आखली तेव्हा १७ ची ११ शिल्पं का, तेही उमगलं. ६० बाय ८० ची फ्रेम नीट पाहायला माणूस दोन मीटर मागे येतो, म्हणजे साधारण तिच्या कर्णाच्या दुप्पट. ८ मीटर रुंदीत दोन्ही भिंतींसमोर दोन-दोन मीटर सोडले की मध्ये चारच उरतात. त्यात शिल्पं, आणि प्रत्येक शिल्पाभोवती फिरायला किमान एक मीटर. चित्र पाहायला मागे सरकताना ज्याला धडकतो ते शिल्प, असा जुना विनोद आहे. तो करणाऱ्याने असली खोली पाहिली असणार. शिवाय उंचीही आडवी येते: ११० सेंटिमीटरच्या पेडेस्टलवर ६० चं शिल्प म्हणजे ११० ते १७० चा पट्टा अडला, आणि रेखाटनंही नेमकी त्याच उंचीवर. म्हणून मधल्या ओळीत फक्त ४५ सेंटिमीटरची बुटकी पेडेस्टल ठेवली. त्यावरचं शिल्प वरून पाहायचं आणि नजर त्यावरून भिंतीपर्यंत जाते.

पेडेस्टल १० आठवडे आधी करायला दिली, १८ मिलिमीटर प्लायवूडची पोकळ खोकी. शिल्पकाराला ती जितकी सडपातळ तितकी हवी असतात. एक हिशेब करून बघा. ३० बाय ३० चं, ११० उंचीचं पेडेस्टल, स्वतःचं वजन साधारण १५ किलो. वर ४० किलोचं ब्रॉन्झ, ज्याचा गुरुत्वमध्य त्याच्या तळापासून ३० सेंटिमीटरवर. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ११७ वर येतो. तळाची अर्धी रुंदी १५. म्हणजे पेडेस्टल ७ अंश कललं की गेलं. पाठीवरची पिशवी लागली, लहान मूल टेकलं, तेवढं पुरतं. आत ४० किलो वाळू घातली तर ७ चे ११ होतात. तळ ४५ चा केला आणि तेवढीच वाळू घातली तर १८. आम्ही तळ ४५ चा घेतला. दिसायला थोडं जड झालं, पण रात्री झोप लागली. वाळू पूर्ण कोरडी, दुहेरी पिशवीत बांधून. सैल ओतली तर सांध्यातून गळते. शिल्प पेडेस्टलला बोल्टने आतून आवळायचं, आणि बोल्टची भोकं पेडेस्टलवर रंग लावण्याआधी पाडायची. हे आम्ही उलट केलं आणि तीन पृष्ठभाग पुन्हा रंगवले.

४ आठवडे उरले असताना प्लास्टरने घोळ घातला. पाचपैकी एक शिल्प उशिरा ओतलं गेलं होतं. दिसायला कोरडं, ठणठणीत. प्लास्टर कालवताना १०० भाग पावडरीला ७० भाग पाणी घातलं तर जमण्याच्या क्रियेत जेमतेम १९ भाग खर्च होतात. उरलेले ५१ नुसते आत अडकून राहतात आणि हळूहळू हवेत जातात. २० किलो पावडरीच्या शिल्पात म्हणजे १० लिटर पाणी. ते बंद खोलीत, २२ कागदांच्या सोबतीने सुकणार होतं. गालाला लावून पाहा: ओलं प्लास्टर गार लागतं, कोरडं नाही. नक्की करायचं तर दोन दिवसांच्या अंतराने वजन करा. वजन उतरायचं थांबलं की सुकलं. आमचं शिल्प गालाला मडक्यासारखं गार लागत होतं. पंख्याखाली, जमिनीपासून पट्ट्यांवर उचलून १९ दिवस ठेवलं तेव्हा वजन स्थिर झालं. घाई म्हणून हीटर लावू नये. फार तापलं तर प्लास्टर जमताना धरून ठेवलेलं पाणीही सोडतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. गॅलरीच्या भिंतींना नवा रंग देणार असतील तर तोही फ्रेम टांगण्याच्या चार-पाच दिवस आधी संपला पाहिजे, कारण ओलावा त्यातूनही येतो.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. फ्रेम उभ्याच न्यायच्या, काचेला काच आणि पाठीला पाठ. साध्या काचेवर चिकटपट्टीची जाळी करायची, म्हणजे फुटली तरी तुकडे कागदात घुसत नाहीत. परावर्तनरोधक काचेवर आणि अॅक्रिलिकवर मात्र पट्टी लावायची नाही, लेप खराब होतो. बबल रॅपचे फुगे मेण लावलेल्या ब्रॉन्झला टेकू देऊ नका, गोल ठसे उमटतात. आधी मऊ टिश्यू, मग रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. शिल्प उचलायचं ते त्याच्या सगळ्यात खालच्या भरीव भागाला धरून. हात, पंख, कान ही हँडलं नव्हेत. क्रेट बनवताना दरवाजाचं माप चौकटीच्या आतून, पल्ला उघडा ठेवून घ्या. आमचा ९० चा दरवाजा उघड्या पल्ल्याच्या जाडीमुळे ८५ चाच निघाला आणि ८८ चं क्रेट बाहेरच उघडावं लागलं.

मांडणीला पाच दिवस मिळाले. पहिल्या दिवशी गॅलरीच्या माणसासोबत कंडिशन रिपोर्ट: प्रत्येक कामाची छायाचित्रं, जुना ओरखडा, कागदावरचा डाग, सगळं लिहून दोघांच्या सह्या, दोन प्रती. कंटाळवाणं काम आहे, २ तास धरले होते, ६ लागले. मग क्रम असा: आधी जड शिल्पं, कारण ट्रॉली फ्रेमला लागते, फ्रेम तोवर भिंतीशी फोमवर उभ्या. मग दिव्यांची ढोबळ दिशा, कारण शिडी नंतर फिरत नाही. मग रेखाटनं. मग पुन्हा दिवे, हातात लक्स मीटर घेऊन.

खिळ्याची उंची अशी काढायची: मध्याची उंची, अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा, वजा तार ताणल्यावर फ्रेमच्या माथ्यापासून ती जितकी खाली येते तेवढं. मध्य १५०, फ्रेम ८०, तार ९ खाली: १५० अधिक ४० वजा ९, म्हणजे १८१. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी मोजा, ‘सारख्याच आहेत’ म्हणू नका. अंतरासाठी ९.६ मीटरच्या भिंतीवर ६० च्या ८ फ्रेम म्हणजे ४.८ मीटर उरले, त्याचे ९ भाग, प्रत्येकी ५३ च्या किंचित वर. प्रत्येक फ्रेमला दोन खिळे, म्हणजे ती तिरकी होत नाही. पाणसळ फ्रेमच्या वरच्या कडेवर ठेवायची. जमीन किंवा छत समतल असेल असं कधीच धरू नये. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे ठिपके, म्हणजे मागून हवा खेळते.

लक्स मीटरने शेवटच्या रात्री एक गोष्ट दाखवली. एका ब्रॉन्झवरचा झोत शिल्पाच्या खांद्यावरून निसटून मागच्या रेखाटनावर पडत होता. तिथे ५० च्या जागी १४०. डोळ्याला ते मुळीच जाणवत नव्हतं. दिव्यापुढे काळ्या फॉइलची छोटी झडप वाकवून लावली, काम झालं.

उद्घाटनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गर्दीत कुणी चित्र पाहत नाही, पण कुणी पेडेस्टलला टेकतं, तेव्हा एक माणूस फक्त त्यासाठी उभा ठेवा. पुढचे ३० दिवस रोज सकाळी एक फेरी: काचेवरची बोटं, पेडेस्टल जागचं हललंय का (जमिनीवर कोपऱ्यांना पेन्सिलची खूण करून ठेवली होती), हवेतली आर्द्रता. पावसाळी आठवड्यात ती ६८ टक्क्यांपर्यंत गेली आणि दोन कागदांना लाट आली. ५० वर उतरल्यावर आठवड्याभरात बसली. फ्रेम उघडून दाबायचा मोह होतो. बिजागरीवर टांगलेला कागद आपला आपण सरळ होतो, त्याला हात लावू नका.

खर्चाचे एकूण १०० भाग केले तर असे पडले: फ्रेम आणि काच ३१, वाहतूक आणि क्रेट २२, पेडेस्टल १४, मांडणीची मजुरी ९, भाड्याचे जादा दिवे ८, छपाई आणि लेबलं ७, विमा ४, आणि किरकोळ ५. वाया गेलेल्या सहा फ्रेमचे स्पेसर आणि पुन्हा रंगवलेली पेडेस्टल यातच आहेत. ओतकाम यात धरलेलं नाही.

उतरवायला दीड दिवस. कंडिशन रिपोर्टची दुसरी प्रत हातात घेऊन, जाताना जसं तपासलं तसंच येताना. एका प्लास्टरच्या तळाला नवा टवका दिसला. आमच्या पहिल्या छायाचित्रात तो नव्हता, त्यामुळे वाद न होता विम्याकडे गेला. भिंतीतली ४४ भोकं पुट्टीने भरून, घासून, रंग लावून द्यायची होती. हे करारात होतं आणि आम्ही विसरलो होतो, म्हणून आणखी अर्धा दिवस. परत आलेल्या फ्रेम पॅकिंगमध्येच एक दिवस ठेवल्या, मग उघडल्या. एकाची बिजागरी सुटली होती. खळ पातळ झाली असणार.

पैसे ५८ व्या दिवशी आले. वाळूच्या पिशव्या अजून जिन्याखाली आहेत.